तीन वर्षांचा नवा स्वेटर

माणूस येताना अंगावर काही घालून येत नाही आणि जाताना काही घेऊन जात नाही. मधल्या काळात घालायचं काय, एवढाच काय तो आयुष्याचा प्रश्न आहे. हे वाक्य मी बऱ्यापैकी गंभीर आवाजात उच्चारलं, तेव्हा यशवंत भोईटे आमच्या पलंगावर पाच टी-शर्ट, दोन अर्ध्या चड्ड्या, एक विंडचीटर आणि डोक्याला बांधायची तीन फडकी मांडून उभा होता.

"जाताना घालून पाठवतात, मास्तर," तो म्हणाला. "मी बघितलंय ना आत्ताच." आणि त्याने निळा टी-शर्ट उचलून पांढऱ्याच्या जागी ठेवला.

माझं तत्त्वज्ञान तिथेच आटोपलं. शैलावहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे भैरोबा घाटाची शर्यत होती. पायथ्याच्या वाडोलीपासून वरच्या पठारापर्यंत एकवीस किलोमीटर, बहुतेक सगळा चढ. साताऱ्यातले आम्ही काही पन्नाशीचे लोक दर डिसेंबरात तिथे धावायला जायचो. धावायला म्हणजे घरी तसं सांगायचो. शर्यतीची मुख्य अडचण चढ नव्हती, हवा होती. पायथ्याला घाम फुटायचा, मधल्या वळणांवर धुकं असायचं आणि पठारावर वारा असा सुटायचा की छातीवरचा नंबर सेफ्टी पिनांसकट फडफडायचा. त्या वर्षी तर अरबी समुद्रात कुठेतरी कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता. माझ्या फोनवर ढग दिसत होता, यशवंतच्या फोनवर ढगाआडून डोकावणारा सूर्य होता आणि मंजिरीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, फोनवर ढग, पाऊस आणि वीज असं सगळंच होतं. खिडकीबाहेर प्रत्यक्षात स्वच्छ ऊन पडलेलं होतं, पण बाहेर कोणी बघत नव्हतं.

आमच्या धावणाऱ्यांच्या ग्रुपवर सकाळपासून याचीच चर्चा चालली होती. ग्रुपमधले एक दंतवैद्य, जे दात सोडून सगळ्यावर बोलायचे, त्यांनी लिहिलं की पातळ कपड्यांचे थर घालावेत आणि एकेक काढत जावं. त्यावर कोणीतरी विचारलं की काढलेले कपडे ठेवायचे कुठे. त्यावर दंतवैद्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं.

यशवंत पाटबंधारे खात्यात होता. धरणाचं पाणी कधी किती सोडायचं हे ठरवण्यात त्याची उमर गेली होती, आणि घामाकडेही तो त्याच नजरेने बघायचा. घामाला कापडातून वाट मिळाली पाहिजे, साठा झाला की धोका, असं तो नवशिक्यांना समजावून सांगायचा. सुती बनियन घालून धावायला येणाऱ्या माणसाकडे तो बांधाला पडलेल्या भेगेकडे बघावं तसा बघायचा. त्यामुळे पाचही टी-शर्ट मांडून झाल्यावर त्याने पिशवीच्या तळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं काढलं आणि त्यातून स्वेटर निघाला, तेव्हा मला वाटलं, हा परत जाताना कुणाला तरी द्यायचा असेल.

मोरपंखी रंगाचा, लांब बाह्यांचा, गोल गळ्याचा. मी तो कधी पाहिला नव्हता, पण ओळखला. आमच्या ओळखीत त्या स्वेटरची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. यशवंत पहिल्यांदा त्या घाटात धावून आला आणि रात्रभर कुडकुडला, त्यानंतरच्या हिवाळ्यात शैलावहिनींनी तो त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, मी विणलाय, पुढच्या वेळी हा घालून पळा. यशवंतने सांगितलं की लोकर घालून कोणी पळत नसतं. स्वेटर कपाटात गेला. पण वहिनींनी हट्ट सोडला नाही. दर वर्षी शर्यतीनंतर आयोजक धावणाऱ्यांचे फोटो टाकायचे. वहिनी यशवंतचा फोन घेऊन बसायच्या, शेवटच्या कमानीखालचा त्याचा फोटो दोन बोटांनी मोठा करून बघायच्या, म्हणायच्या, "ह्यातही नाही," आणि चहा टाकायला उठायच्या. हे यशवंतच आम्हाला हसत हसत सांगायचा. आम्हीही हसायचो. तीन वर्षं ही गंमत चालली. चौथ्या पावसाळ्यात वहिनींना ताप आला आणि आठवड्यात सगळं संपलं.

"उद्या हा घालतो," यशवंत म्हणाला.

लांब पळणाऱ्यांचा एक नियम असतो: शर्यतीच्या दिवशी नवं काही घालायचं नाही. मोजे, बूट, चड्डी, सगळं आधी घालून, पळून, घामात भिजवून, धुऊन झालेलं पाहिजे. नवं कापड कुठे घासेल आणि कुठे सोलून काढेल याचा भरवसा नसतो. हा नियम मला यशवंतनेच शिकवला होता. मी त्याला त्याची आठवण करून दिली.

"हा नवा नाही. तीन वर्षांचा आहे."

"घातलायस कधी?"

"नाही."

"मग नवाच."

त्याने स्वेटरची घडी मोडली, परत घातली. मग म्हणाला, "कमानीखालचा एक फोटो निघाला की झालं. पुढच्या वर्षी तू म्हणशील ते घालीन. बनियन म्हणालास तर बनियन."

मी तोडगा काढला. स्वेटर कमरेला बांधून न्यायचा आणि कमान दिसली की अंगात चढवायचा. फोटोत स्वेटर येईल, जीवही वाचेल. मला स्वतःला हा तोडगा फार हुशारीचा वाटला.

"ती फोटो मोठा करून बघायची, मास्तर," यशवंत म्हणाला. "पळून भिजलाय का नुसता चढवलाय, ते तिला कळलं असतं."

कोण बघणार आहे आता, असं म्हणता आलं असतं, पण तेवढा तर्कशुद्ध माणूस मी नाही.

मंजिरी पोह्यांच्या बश्या घेऊन आली. पलंगावरचा स्वेटर बघून रंग छान आहे म्हणाली आणि लिंबू आणायला आत गेली. लिंबू पोह्यांवर आधीच पिळलेलं होतं.

पहाटे वाडोलीत थंडी होती, पण ती लोकरीची थंडी नव्हती. शर्यत सुरू होईपर्यंत हुडहुडी भरते आणि पहिल्या चढाला विसरायला होते, त्यातली. लोक कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांना भोकं पाडून अंगात घालून उभे होते. लाउडस्पीकरवर एक मुलगी सगळ्यांना हात वर करायला लावत होती. यशवंत मोरपंखी स्वेटरवर नंबर लावून ताठ उभा होता. बाजूच्या पोरांपैकी एकाने विचारलं की काका, काश्मीर मॅरेथॉन इकडे शिफ्ट झाली का. यशवंतने त्याला गंभीरपणे सांगितलं की नाही, पण तुझ्या बुटाची नाडी सुटलीये.

पहिल्या तासाभरात हवेने त्याच्यावर सूड उगवला. ढग होते, पण वारा नव्हता, नुसता दमट उकाडा. घाटातली झाडं शिजायला ठेवल्यासारखी स्तब्ध होती. यशवंतचं तोंड लाल झालं, मग जांभळट. गळ्याशी स्वेटर घासून पट्टा उमटला. पाण्याच्या टेबलाशी थांबून मी म्हटलं की काढ, कमरेला बांध, वहिनी काही म्हणायच्या नाहीत. तो म्हणाला की ती कधीच काही म्हणाली नाही, तोच तर घोटाळा आहे. आणि पुढे निघाला. मला त्या वाक्याचा अर्थ लागला नाही. चढावर माणूस काहीही बोलतो, असं समजून मी मागे लागलो.

मग वळणांवर धुकं आलं. एकाएकी गारवा पसरला आणि काळ्या पिशव्या पायथ्याला टाकून आलेली पोरं दंड चोळू लागली. यशवंत खुलला. स्वेटरच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून म्हणाला, "बघ. बरोबर सांगत होती." त्या वळणांवर तो मजेत होता, हे मला सांगितलं पाहिजे. आम्ही चालत-पळत होतो आणि तो बोलत होता. वहिनी गेल्या त्या दिवशी त्याच्या बहिणीने त्याला कपाटापुढे नेऊन विचारलं होतं की सवाष्ण गेली, हिरवी साडी नेसवायची, यातली कुठली काढू. कपाटात हिरव्या साड्या बऱ्याच होत्या. त्याला एकही निवडता येईना. मी कधी नीट बघितल्याच नव्हत्या, तो म्हणाला, ती नेसून विचारायची कशी दिसते आणि मी पेपरातून मान न काढता म्हणायचो की छान. शेवटी बहिणीने हाताला येईल ती ओढली. ती बहुधा वहिनींची नावडती होती, कारण घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"तेव्हा हा स्वेटर खालच्या कप्प्यात दिसला," तो म्हणाला, आणि धुक्यात थुंकला. पळणारे लोक पुष्कळदा थुंकतात. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही.

पठारावर चढलो आणि पाऊस आला. डिसेंबरातला अवकाळी पाऊस सरळ पडत नाही. वाऱ्याबरोबर आडवा येऊन कानात शिरतो. मंजिरीचा फोन बरोबर निघाला. बाकीच्यांच्या अंगावरून पाणी निथळत होतं, यशवंतचा स्वेटर ते पीत होता. बघता बघता तो लांब व्हायला लागला. आधी मांडीपर्यंत आला, मग गुडघ्याकडे सरकला. बाह्यांत हात दिसेनासे झाले. तो बाह्या दुमडायचा, त्या उलगडून खाली यायच्या. सगळी उमर पाण्याचा हिशेब केलेला माणूस अंगावर एक छोटं धरण घेऊन पळत होता आणि त्याला दरवाजे नव्हते.

मी त्याच्या स्वेटरला हात घातला. त्याने माझा हात झटकला, पण झटकण्यात जोर नव्हता. ओठ पांढरे पडले होते. पळायचं थांबून तो चालू लागला आणि मग चालणंही तिरपं व्हायला लागलं. शेवटचं वळण आलं. पुढे कमान दिसत होती, लाउडस्पीकरवर कोणाचं तरी नाव ऐकू येत होतं, आणि कमानीखाली प्लॅस्टिक पांघरलेला फोटोग्राफर गुडघ्यावर बसला होता. यशवंत रस्त्याकडेच्या दगडावर बसला.

"एक मिनिट," तो म्हणाला. "बाह्या तेवढ्या वर करतो. फोटोत हात दिसले पाहिजेत." त्याची बोटं बाहीची कड सापडत नसल्यासारखी फिरत राहिली. मग तो कडेला कलंडला.

स्वयंसेवकांनी त्याला उचलून वैद्यकीय तंबूत नेलं. तो तंबू कमानीच्या अलीकडे होता. आत एक तरुण डॉक्टर मुलगी होती, नुकती पास झालेली असावी, पण हात सराईत होते. ओले कपडे आधी काढा म्हणाली. यशवंतला उठून बसता येत नव्हतं आणि दात असे वाजत होते की बोलणं तुटत होतं. तिने ट्रेमधली कात्री उचलली.

"कापू नका," यशवंत म्हणाला. "डोक्यातून काढा."

"काका, वेळ नाही."

"डोक्यातून काढा हो. हळू काढा."

मी मध्ये पडलो, म्हटलं की जरा बघा ना, डोक्यातून निघतोय का. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कात्री खालच्या काठापासून गळ्यापर्यंत एका दमात गेली, मग दोन्ही बाह्यांतून. ओल्या लोकरीला आवाज होत नाही. यशवंत वर तंबूच्या कापडाकडे बघत होता. तिने त्याचं अंग कोरडं केलं, चंदेरी कागदात गुंडाळलं, वर दोन घोंगड्या टाकल्या आणि मग, माणूस शुद्धीवर राहतोय हे पाहून, मोकळ्या मनाने म्हणाली, "स्वेटर काय, नवा घेता येईल, काका."

ती बरोबरच बोलली. चूक म्हणावी असं तिने काही केलं नव्हतं. केळ्यांच्या साली टाकायला तंबूत एक पिशवी होती, तशीच एक कोरी पिशवी मी मागून घेतली आणि स्वेटरचे तुकडे पिळून तिच्यात भरले. शर्यत आमची दोघांचीही अपुरी राहिली.

दहा-बारा दिवसांनी यशवंत ती पिशवी घेऊन आमच्याकडे आला. तुकडे धुऊन, वाळवून, घड्या घालून आणले होते. मंजिरी विणते हे त्याला माहीत होतं. त्याने विचारलं की वहिनी, लोकर उसवून पुन्हा विणतात ना. त्याची आई तसं करायची. थोरल्याचा स्वेटर उसवायचा, लोकर धुवायची, धाकट्याला समोर बसवून त्याच्या दोन्ही हातांवर तिची लडी घ्यायची आणि त्याच लोकरीतून त्याच्या मापाचा विणायचा. आमच्या घरी एकच लोकर चौघांनी घातली, तो म्हणाला, ती काही वाया जात नाही.

मंजिरीने तुकडे मांडीवर घेतले, उलटून पाहिले. म्हणाली, "होईल, भाऊजी. वेळ लागेल, पण होईल."

तो गेल्यावर पाठीच्या अखंड तुकड्याची कड धरून तिने धागा ओढला. वीतभर आला आणि तुटला. दुसरा ओढला, तोही तेवढाच. मला म्हणाली की हा यंत्रावरचा आहे, मोठं कापड विणून, कापून शिवलेला. उसवला तर नुसती कात्रणं निघतील. आणि ही लोकरही नाही. म्हणून तर इतका लोंबला.

मी म्हटलं की वहिनींनी तर स्वतः विणला होता.

तेव्हा तिने मला सांगितलं. शैलावहिनी तीन महिने दुपारच्या आमच्याकडे यायच्या, विणायला शिकायला. सुया धरता आल्या, टाके घालता आले, पण ओळ संपेपर्यंत त्यांतले चार कुठेतरी गळायचे. पाठीचा भाग वर जाता जाता निमुळता होऊन त्याचा हातरुमाल झाला. दोघी त्यावर पोट धरून हसल्या. मग थंडीत तिबेटी लोक स्वेटरची दुकानं मांडतात तिथे दोघी गेल्या आणि वहिनींनी मोरपंखी निवडला. आमच्याच व्हरांड्यात बसून मंजिरीच्या कात्रीने त्याचं लेबल कापलं. आमच्या ह्यांना बोलू नकोस म्हणाल्या.

"मग आता काय करणार?" मी विचारलं.

"विणणार," मंजिरी म्हणाली.

तिने गावातली दुकानं पालथी घातली, त्याच मोरपंखी रंगाची लोकर मिळेना, शेवटी पुण्याहून मागवली. दोन महिने दुपारी विणत होती. यशवंतला मापासाठी बोलावता येईना, कारण जुना स्वेटर हाताशी असताना नव्याने माप कशाला, असं त्याने विचारलं असतं. आणि लोंबलेल्या तुकड्यांवरून माप कळेना, म्हणून तिने माझ्या अंगावर माप घेतलं. यशवंत माझ्याहून उंच आहे, हे दोघांनाही माहीत होतं. किती, याचा अंदाज दोघांचाही चुकला.

फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी त्याला बोलावलं. मंजिरीने स्वेटर कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिला. त्याने लगेच अंगात घातला. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर थांबल्या. त्याने हात पुढे करून पाहिले, वर करून पाहिले, आणखी आखूड दिसले. मंजिरीचा चेहरा उतरला. उसवताना लोकर थोडी कमी पडली, असं काहीतरी ती पुटपुटली.

"नाही, बरोबर आहे, वहिनी," यशवंत हात तसेच पुढे धरून म्हणाला. "शैलाने खरंच विणला असता तर असाच झाला असता."

मंजिरीने माझ्याकडे बघितलं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. गळ्याशी आतून लेबल कापल्याचे दोरे राहिले होते. आणि तिला साधं बटण नीट लावता यायचं नाही, मास्तर."

"मग घातला का नाहीस?"

तो खुर्चीत बसला. बाह्या खाली ओढायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. "गंमत वाटली आधी. म्हटलं, किती दिवस ताणते बघू. ती सांगेल, विकत आणलाय म्हणून, आणि मी म्हणेन, माहिताय, आण इकडे. तिने सांगितलं की घालणार होतो."

मंजिरी उभीच होती. पदराचं टोक तिने हातात घट्ट धरलं होतं. बोलावं की नाही, हे ती ठरवत होती, आणि न बोलती तर फार बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही घातला की ती सांगणार होती."

यशवंतने मान हलवली. एकदा नाही, बऱ्याच वेळा हलवत राहिला, एखादं गणित पुन्हा पुन्हा मांडून तेच उत्तर येतंय असं बघितल्यासारखी. मंजिरी आत गेली. भांड्यांचा आवाज झाला नाही, आणि चहा यायला खूप वेळ लागला. त्याने तो पूर्ण प्यायला. मग भर दुपारच्या उन्हात तसाच स्वेटर घालून स्कूटरवरून घरी गेला.

अवकाळीची धास्ती घेऊन आयोजकांनी पुढच्या वेळची शर्यत डिसेंबरऐवजी मार्चमध्ये ठेवली. पाऊस नव्हता, धुकं नव्हतं, वाराही नव्हता. सगळे बनियनवर धावले, यशवंतसुद्धा.